कोंबड्यांचं पाणी

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा कोंबड्यांना पाणी ठेवायची रीतच नव्हती. कोंबडी आपलं आपण पिऊन घ्यायची. न्हाणीचं पाणी उघड्या पाटानं परसातल्या अळवाकडं जायचं, तिथं बारमाही ओल. म्हशीची दगडी डोण होती. म्हैस पिऊन तोंड वर काढायची तेव्हा ओंजळभर पाणी खाली सांडायचं, आणि तेवढ्यासाठी कोंबड्या तिच्या पायांत घोटाळायच्या. भांडी घासायच्या दगडाभोवती, रांजणाच्या बुडाशी, खुरांनी पडलेल्या खळग्यांत, कुठं ना कुठं चोच बुडेल एवढं पाणी असायचंच. मी नवी नवरी असताना एकदा विचारलं, "कोंबड्यांना पाणी कशात ठेवायचं?" तर आत्या म्हणाल्या, "कोंबडीला पाणी ठिवायचं? ती काय पावणी हाय व्हय?"

मग एकेक गोष्ट बदलत गेली. 2018-19 च्या दुष्काळात म्हैस छावणीत न्यावी लागली. परत आली, पण पुढच्या वर्षी विकली. डोण कोरडी पडली. न्हाणीला फरशी बसली आणि तिचं पाणी पाइपातून थेट शोषखड्ड्यात जायला लागलं. अंगणात कोबा झाला. रांजण गेला, गच्चीवर टाकी आली. यातली एकही गोष्ट वाईट झाली असं मी म्हणणार नाही. डास कमी झाले, आत्यांचं हंडे वाहणं थांबलं. आमचा माण तालुका पर्जन्यछायेतला. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि आमच्याकडं 500 मिलिमीटर झाला तर साल चांगलं गेलं म्हणतात. इथं पाणी सांडू न देणं हाच शहाणपणा. फक्त जे सांडत होतं त्यावर कोण जगत होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक जुनी परात आली. ती लिंबाखाली ठेवायची आणि भरायची. उन्हाळ्यात आत्या दिवसाकाठी आठ-आठ वेळा उठायच्या. कोंबड्या परातीत पाय देतात, उकरून माती उडवतात, शिटतात. कोंबडा तर काठावरच उभा राहतो. तासाभरात त्या पाण्याचा चिखल होतो. आत्यांचे गुडघे गेलेत. पडवीतून लिंबापर्यंत वीस पावलं असतील, पण दुपारच्या एक वाजताची वीस पावलं त्यांना भिंत धरून टाकावी लागतात. मी शाळेतून आले की भरायचे. मधल्या वेळचं त्यांच्यावर.

त्या दिवशी मधल्या वेळी कुणीच नव्हतं. एप्रिलचा शेवटचा आठवडा. शाळा सकाळची होती, पण मला तालुक्याला प्रशिक्षण होतं, आत्या भावकीतल्या लग्नाला गेल्या होत्या. साडेआठला मी परात काठोकाठ भरली आणि निघाले.

चार वाजता फाटक उघडलं तेव्हा कसलाच आवाज नव्हता. कोंबड्यांच्या घरात असं होत नाही. फाटक वाजलं की निदान दोघी-तिघी तरी मान लांब करून पळत येतात. परात पालथी पडली होती. लिंबाची सावली केव्हाच सरकून गेली होती आणि परातीखालची माती अशी वाळली होती की तिथं सकाळी पाणी होतं हे मलाही खरं वाटेना. आमच्या गिरिराज जातीच्या दोन्ही कोंबड्या कडब्याच्या गंजीला लागून पडल्या होत्या, पंख पसरून. तिसरी एक तलंग होती. दोन दिवस ती पहिल्या अंड्यासाठी जागा शोधत खोलीभर फिरत होती. ती न्हाणीच्या दारात सापडली, बंद दाराच्या फटीला चोच लावून. आत बादलीभर पाणी होतं.

उरलेल्या अकरा जणी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसल्या होत्या. गळ्याखालची कातडी नुसती थरथरत होती. उभी होती ती एकटी उघड्या मानेची, जिच्या मानेवर पिसंच नसतात ती. मी गूळ आणि चिमूटभर मीठ घालून पाणी केलं, एकेकीची चोच त्यात बुडवली, पायांवर साधं पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत त्या हिंडायला लागल्या.

आत्या आल्या. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, स्वतः खड्डा घेतला, तिघींना पुरलं आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. हात धुताना विचारलं, "पाणी व्हतं का?"

"होतं. सांडलं."

"सांडलं म्हंजे नव्हतं."

त्यापुढं त्या त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून आठ-दहा दिवस घरात एक अंडं मिळालं नाही. अंड्यात पाऊण भाग पाणीच असतं. जिवाला पुरेना तेव्हा कोंबडी आधी अंडं थांबवते.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांशी नंतर बोलले. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास तापलेलं, त्यात बाहेर तेवढाच पारा. मग तिच्याकडं उपाय एकच, चोच उघडून धापा टाकायच्या आणि श्वासावाटे वाफ सोडायची. वाफ सोडायची तर आत पाणी हवं. एरवी दिवसाला पाव लिटरच्या आत भागवणारी कोंबडी अशा दिवसांत दुप्पट पिते. अंगानं जड असते तिला उष्णता जास्त, म्हणून आधी गिरिराज गेल्या. उघड्या मानेचीला पिसं कमी, तिची उष्णता लवकर निघून जाते. आत्या वर्षानुवर्षं म्हणायच्या, की उन्हाळ्याला उघड्या मानेची आणि उलट्या पिसांची टिकते. मला ते म्हातारपणचं बोलणं वाटायचं. ते अगदी खरं आहे.

मला आता असं काहीतरी हवं होतं की जे पालथं होणार नाही, घाण होणार नाही, आपोआप भरत राहील आणि ज्यासाठी आत्यांना उन्हात उठावं लागणार नाही. बाजारात लाल-पांढरी प्लास्टिकची भांडी मिळतात, पिल्लांसाठी मी आणलीही होती. दोन उन्हाळ्यांत ती पापडासारखी झाली, हातात धरली की तुकडा पडायचा. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

घरात गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन होता. राख आणि गरम पाणी घालून तो चार वेळा खळखळून घेतला. कुंभाराकडून पसरट परळ आणलं, वीतभराहून थोडं रुंद, काठ चांगला तीन बोटं उंच. कॅन मधोमध ठेवला की भोवती चार बोटांची गोल गल्ली उरायची, चोच जाईल पण कोंबडी आत उतरणार नाही अशी. कॅनच्या खालच्या अंगाला तापवलेल्या सळईनं एक भोक पाडलं. त्यात लिंबाच्या काडीची खुंटी ठोकली, कॅन भरला, झाकण लावलं, परळात ठेवला आणि खुंटी उपटली.

सगळं पाणी गेलं. परळ भरलं, काठावरून वाहिलं, पाच मिनिटांत कॅन रिकामा.

तो रिकामा कॅन समोर घेऊन मी बराच वेळ बसले. दरवर्षी वर्गात मी मुलांना ग्लासाचा प्रयोग करून दाखवते. ग्लास काठोकाठ भरायचा, वर जाड कागद ठेवायचा, तळहातानं दाबून ग्लास उलटा करायचा आणि हात काढून घ्यायचा. पाणी पडत नाही. मुलं टाळ्या वाजवतात, मी फळ्यावर 'हवेचा दाब' असं लिहिते. हवा साधारण दहा मीटर उंचीचं पाणी तोलून धरू शकते. इटलीत पंपानं त्याहून वर पाणी चढेना म्हणून माणसं कोड्यात पडली होती, आणि 1643 साली टॉरिचेली या शास्त्रज्ञानं पाऱ्याची नळी उलटी धरून त्याचा उलगडा केला. आमच्याकडं पाणी खाली गेलं की विहिरीत मोटार खाली उतरवावी लागते, तेही याचमुळं. जी हवा दहा मीटर पाणी तोलते तिला माझ्या कॅनातलं वीतभर पाणी का तोलेना?

कारण मी भोक चार बोटांवर पाडलं होतं आणि परळाचा काठ तीन बोटांचा होता. परळातलं पाणी चढत चढत भोक झाकेल, तेव्हा कुठं कॅनात जाणारी हवा बंद होईल आणि पाणी थांबेल. माझं भोक कधी झाकलंच जाणार नव्हतं, त्याआधी पाणी काठावरून निघून जात होतं.

दुसरा कॅन शेजारच्या दुकानातून मिळाला. यावेळी भोक दोन बोटांवर. झाकणात सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला, कारण वरून सुईच्या टोकाएवढी हवा गेली तरी सगळा खेळ संपतो. खुंटी काढली. पाणी आलं, परळात पसरलं, भोकाच्या वर चढलं आणि थांबलं. मी बोटानं परळातलं पाणी बाहेर उडवलं. पातळी उतरली, भोकाची वरची कड उघडी पडली, एक बुडबुडा आत शिरला आणि वर गेला. गुडुक. जेवढं उडवलं होतं तेवढंच पाणी खाली आलं आणि पुन्हा थांबलं. मी ते दहा वेळा करून पाहिलं. आत्या पडवीतून म्हणाल्या, "आता पिऊ दे की त्यास्नी."

त्या प्यायला आल्याच नाहीत. नवी वस्तू म्हणून दोन तास लांबूनच मान वाकडी करून बघत राहिल्या. शेवटी उघड्या मानेची पुढं झाली. परळाच्या काठावर एक थेंब चमकत होता, त्यावर तिनं चोच मारली. मग आत चोच घातली. मी तीन हातांवर बसले होते. पारवा पाण्यात चोच बुडवतो आणि ओढून घेतो, मान वर करत नाही. कोंबडीला ओढता येत नाही. ती चोचीत पाणी उचलते, मान आभाळाकडं करते, डोळे अर्धे मिटते आणि घोट आपल्या वजनानं खाली उतरू देते. पिसं नसल्यामुळं तिच्या लालसर मानेवरून तो घोट उतरताना मला दिसत होता, आधी गळ्यापाशी, मग खाली. प्रत्येक घोटाला तिला एवढं करावं लागतं. अशा सतरा घोटांनंतर ती थांबली आणि चोच जमिनीला पुसली. तोवर बाकीच्या गोळा झाल्या होत्या.

तीन-चार दिवस ठीक गेले. मग एका सकाळी अकराच्या सुमाराला पाहिलं, तर परळाभोवती ओलं. कोंबड्या तिकडं खुराड्यामागं, परळाजवळ कुणीही नाही, आणि पाणी काठावरून वाहतंय. पुसलं, बसून राहिले. हळूहळू पुन्हा चढलं, पुन्हा वाहिलं. झाकण तपासलं, घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी तसंच, अकराच्याच सुमाराला. संध्याकाळी मात्र ठणठणीत.

कॅनला हात लावला तेव्हा कळलं, चटका बसला. सावली सरकून त्या वेळी ऊन थेट कॅनवर येत होतं. कॅन अर्धा रिकामा होता आणि वरच्या अर्ध्या भागातली हवा तापून फुगत होती. फुगलेली हवा खालच्या पाण्याला भोकातून बाहेर ढकलत होती. कप-कप पाणी असं फुकट जात होतं, वर उरलेलं कढत. तसलं पाणी कोंबडी तोंडात घेत नाही, चोच बुडवते आणि झटकते.

यावर तोडगा आत्यांनी काढला. म्हणाल्या, "माठाला जे करतो तेच कर." मी गोणपाटाचा तुकडा कापून कॅनभोवती गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि भिजवला. कॅन लिंबाखालून काढून न्हाणीच्या उत्तरेकडच्या भिंतीला लावला, तिथं ऊन पोचत नाही. उतू जाणं थांबलं. दुपारी दोनला त्या पाण्यात बोट घातलं तर विहिरीच्या पाण्याएवढं गार लागलं. आणखी एक झालं, जे मी धरलंच नव्हतं. पारदर्शक कॅनात चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं शेवाळ धरायचं. गोणपाटानं उजेड अडला आणि शेवाळ धरायचं बंद झालं.

परळ दोन विटांवर ठेवलं. कोंबडीच्या पाठीच्या उंचीला काठ आला की ती उकरून त्यात माती उडवू शकत नाही, शीट पडत नाही. हे वाटतं त्याहून महत्त्वाचं आहे. पिल्लांची रक्ती हगवण अशाच शिटलेल्या पाण्यातून आणि ओल्या जागेतून पसरते. मागं एका रवणाची नऊ पिल्लं होती, त्यातली पाच मी त्यात घालवली होती. पिल्लांसाठी आता वेगळं, खाली जमिनीवर, नदीतले गोटे भरलेलं छोटं परळ असतं. गोट्यांच्या फटींतून पितात, भिजत नाहीत, बुडत नाहीत.

माझ्या मावसभावाचं ब्रॉयलरचं शेड आहे. तो म्हणाला, ताई, एवढं कशाला, पाइपाला निप्पल बसव. त्यानं आणून बसवूनही दिलं. कोंबडी टोचते तेव्हाच थेंब येतो, घाणीचा प्रश्नच नाही, हजारो पक्ष्यांसाठी तेच बरोबर आहे. आमच्याकडं ते चाललं नाही. आमचं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की महिन्याभरात निप्पलच्या तोंडाशी पांढरा खडा धरला, दोन बंद पडले, एक कायम गळायला लागला. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही नाही. उन्हाच्या वेळी कोंबड्या नुसत्या पीत नाहीत. चोचीखाली लोंबणारी लाल कातडी पाण्यात बुडवतात, डोकं झटकतात, तुऱ्यावर शिंतोडे घेतात. तेवढ्यानं त्यांच्या अंगातली आग कमी होते. थेंबानं ते कसं होणार?

कॅनवर मी ऑइलपेंटनं लिटरच्या खुणा केल्यात. गोणपाट जरा सारला की दिसतात. मार्चमध्ये अकरा जणी दिवसाला अडीच लिटर प्यायच्या, मे महिन्यात पाचचा कॅन पुरेना, संध्याकाळी पुन्हा भरावा लागला. ऑगस्टात एक दिवस एकदम दीड लिटरवर आलं. ढग होते, म्हणून असेल म्हटलं. पण दुसऱ्या दिवशीही तेवढंच, आणि तिसऱ्या दिवशी दोघी पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेल्या दिसल्या. दुखणं दिसायच्या दोन दिवस आधी पाणी कमी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, कोंबडी खाणं सोडायच्या आधी पाणी कमी करते, ही खूण कायम धरा. औषध वेळेवर मिळालं, दोघी वाचल्या.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस द्यायची असते त्या दिवशी मात्र वेगळी तयारी. लासोटा नावाची ही लस पाण्यातून देता येते, पण पाणी टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडर घातलेलं, नको, त्या औषधानं लसच मरते. आदल्या दिवशी बोअरचं पाणी भरून ठेवते, त्यात थोडी दुधाची पावडर विरघळवते. कोंबड्यांना तासभर पाण्यावाचून ठेवावं लागतं, म्हणजे लसीचं पाणी सगळ्या जणी लगेच पितात. तो एक तास मला अजून जड जातो. सकाळी गारव्यातच उरकते.

आत्यांना आता उठावं लागत नाही. मी शाळेला जायच्या आधी कॅन भरते, गोणपाट भिजवते. दुपारी त्या पडवीत चटईवर पडतात. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, लिंबापर्यंतचं नीट दिसत नाही, न्हाणीमागचं तर नाहीच. पण त्या ऐकत असतात. एखादी प्यायली की जरा वेळानं भिंतीमागून 'गुडुक' होतं. फार ऊन असेल तर लागोपाठ तीन-चार वेळा.

गेल्या जूनमधली गोष्ट, पाऊस अजून आला नव्हता. शाळा सुरू व्हायची होती, मी सोप्यात कागद काढून बसले होते. आत्या झोपल्यात असं मला वाटलं होतं.

"अगं, मघापास्नं वाजलं न्हाय."

"काय?"

"पाणी. बघ जरा."

मी मागं गेले. पाच-सहा जणी परळाभोवती उभ्या होत्या, परळ कोरडं. गोणपाट सारलं, कॅन निम्मा भरलेला होता. भोकात एक पिकलेली लिंबोळी जाऊन बसली होती, गच्च. काडीनं ती बाहेर काढली. पाणी धावलं, मोठा बुडबुडा वर गेला, त्यामागून आणखी दोन.

"वाजलं," आत्या पडवीतून म्हणाल्या.